शिबिरानंतर मार्क कमी आले म्हणजे शिबिर फसलं असं नाही

या आठवड्याचं पत्र कागल तालुक्यातनं आलंय, थोडं छोटं करून देतेय:

"ताई, नमस्कार. मी एका सीनियर कॉलेजात तीन वर्षांपूर्वी लागले, दोन वर्षं एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) माझ्याकडं आहे. यंदा दत्तक गावात सात दिवसांचं श्रमसंस्कार शिबिर झालं, ५० पोरं होती. शिबिराच्या आधी आणि शेवटच्या दिवशी मी एकच गुगल फॉर्म भरून घेतला. 'माझ्यात नेतृत्वगुण आहेत', 'मी लोकांशी चांगला संवाद साधू शकतो', असे दहा प्रश्न, १ ते ५ मार्क. आधीची सरासरी ४.२ आली आणि नंतरची ३.६! प्राचार्य सर म्हणाले हे नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाईलला लावू नका, पोरांकडून परत भरून घ्या. एका मुलानं आधी सगळीकडं ५ दिले होते, त्यानं नंतर २ दिलेत, आणि तो आमचा गटप्रमुख होता. शिबिर खरंच फसलं का? आणि आता को-करिक्युलरला, म्हणजे एनएसएससारख्या उपक्रमांना, क्रेडिट आलंय, तर मार्क कशावर द्यायचे? हजेरीवर दिले तर फोटोपुरतं उभं राहणारा आणि राबणारा दोघं सारखेच होतात. रात्री झोप लागत नाही हो."

मॅडम, नमस्कार.

पहिलं सांगते, फॉर्म परत भरून घेऊ नका. सर रागावले तर रागावू देत. सात दिवस पोरांना प्रामाणिकपणावर बौद्धिकं ऐकवायची आणि आठव्या दिवशी ग्रुपवर मेसेज टाकायचा की जरा वाढवून भरा, हे पोरांच्या लगेच लक्षात येतं आणि ते आयुष्यभर लक्षात राहतं. आणि दुसरं म्हणजे, तुमच्या हातात जो ३.६ आलाय ना, तो तुमच्या शिबिरातला सगळ्यात मोलाचा आकडा असू शकतो, तो पुसून टाकायचा आणि त्याजागी खोटा ४.८ लावायचा, का म्हणून?

त्या गटप्रमुख पोराचंच बघू. शिबिराच्या आधी 'नेतृत्व' म्हटल्यावर त्याच्या डोळ्यापुढं काय असणार? गॅदरिंगला माईक हातात घेणं, गणपतीच्या मिरवणुकीत मंडळाच्या पुढं असणं, दहा जणांनी दादा म्हणणं. ते त्याला जमतंय, त्यानं ५ दिले, खोटं काही नाही त्यात. मग तो शिबिरात आला. मी तिथं नव्हते, पण असली शिबिरं मी चौदा वर्षं घेतलीत त्यामुळं काय झालं असेल याचा अंदाज आहे, वनराई बंधाऱ्याला पोती भरायची, दोघं मोबाईल घेऊन झाडाखाली, एकीचं आणि दुसरीचं पटत नाही म्हणून त्या एका साखळीत उभ्या राहत नाहीत, तिसऱ्या रात्री आमटी करपली आणि ती कुणाच्या पाळीत करपली यावर अर्धा तास भांडण, आणि हे सगळं निस्तरायला हा. एकोणीस वर्षांचा. त्याला पहिल्यांदा कळलं की माणसं आपल्या सांगण्यानं हलत नाहीत. मग शेवटच्या दिवशी फॉर्म पुढं आला, 'माझ्यात नेतृत्वगुण आहेत', आणि त्यानं २ दिले. पोरगं तेच आहे, उलट पुढं गेलंय, बदलली ती त्याची मोजपट्टी.

हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही, याला शास्त्रात नाव आहे. अमेरिकेत जॉर्ज हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ च्या सुमारास हेच दाखवलं होतं, की ट्रेनिंगच्या आधी आणि नंतर माणसानं स्वतःला दिलेले मार्क एकमेकांतनं वजा करायचे नसतात, कारण ट्रेनिंगमुळं त्या गोष्टीचा अर्थच माणसाच्या मनात बदलतो. रिस्पॉन्स शिफ्ट म्हणतात त्याला. त्यावर त्यांचा उपाय पण साधा आहे, शिबिर संपल्यावर दोन्ही प्रश्न एकदमच विचारायचे: आज तुला जे कळलंय त्यावरनं मागं वळून बघ, शिबिराच्या आधी तू खरा कुठं होतास? आणि आज कुठं आहेस? दोन्ही उत्तरं एकाच मोजपट्टीवर येतात. हे तुम्ही आत्ताही करू शकता, जुने फॉर्म तसेच ठेवून, तारीख घालून, वेगळा फॉर्म म्हणून. याला परत भरून घेणं म्हणत नाहीत. पण जुने आकडेही सोबत लावायचेच.

पण थांबा, लगेच सुटकेचा श्वास टाकू नका. उतरलेला आकडा म्हणजे दरवेळी पोरं शहाणीच झाली असं पण नसतं. सात दिवस अंगमेहनत, थंडी, नीट झोप नाही आणि फॉर्म भरला परतीच्या टेम्पोत रेंज येईल तसा, तर माणूस कंटाळून ३ वर बोट ठेवत सुटतो. किंवा खरंच एखाद्या गटात वाईट वागणूक झाली असेल, कुणाला घालूनपाडून बोललं गेलं असेल, तेही त्या ३.६ मध्ये लपलेलं असेल. हे फॉर्म सांगणार नाही. ज्यांचे मार्क सगळ्यात जास्त घसरलेत अशी सहा-सात पोरं काढा, एकेकाला बोलवा, स्टाफरूममध्ये नको, कॅन्टीनला चहा घेत बसा, आणि एवढंच विचारा, आधी ५ लिहिलं होतंस, आता २, मधे काय झालं? आणि मग गप्प बसा. ते बोलेल. तुम्हाला अख्ख्या फॉर्मातनं मिळालं नाही ते त्या वीस मिनिटांत मिळेल.

आता मार्कांचं. इथं मला माझी एक चूक सांगायची आहे, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या चुकीतनंच मिळालं.

२०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद, अर्धं कोल्हापूर पाण्यात. आमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये चिखली-आंबेवाडीकडची माणसं आणून ठेवली होती. म्हातारी माणसं जास्त, आणि बऱ्याच जणांच्या गोळ्या घरातच राहिलेल्या. बीपीची, शुगरची, थायरॉईडची. डॉक्टर यायचे, विचारायचे कुठली गोळी चालू आहे, आणि कुणालाच नाव सांगता यायचं नाही. बीए टूची एक मुलगी होती, वर्गात तोंडातनं शब्द नाही, तिनं शंभर पानी वही घेतली आणि रकाने पाडले. नाव, गाव, गोळी कशाची, रंग, अर्धी का अख्खी, सकाळी का रात्री. कुणी तिला सांगितलेलं नव्हतं. एका आजींच्या नावापुढं लिहिलेलं मला अजून आठवतंय: 'गुलाबी, अर्धी, जेवणानंतर, शुगरची असावी, सुनेला विचारणे.' आणि त्यावर रेघ मारून खाली, दुसऱ्या पेनानं, 'विचारलं. शुगरची नाही, बीपीची.' सून दुसऱ्या केंद्रात होती, ही तिथवर जाऊन आली होती. नंतर डॉक्टर आले की पहिल्यांदा ती वही मागायचे.

वर्षाच्या शेवटी मी ग्रेड भरल्या. एनएसएसचे वर्षाला १२० तास, दोन वर्षांचे २४०, हे तुम्हाला माहीतच आहे. त्या मुलीचे तास कमी भरत होते कारण शुक्रवारी दुपारच्या उपक्रमाला ती थांबायची नाही, तिला गावाकडची एसटी गाठायला लागायची, घरी म्हशी होत्या. तिला मी 'ब' दिला. आणि बॅनर धरून प्रत्येक फोटोत पुढं असणाऱ्या पोराला 'अ'. नियमानं बरोबर होतं, माझ्या रजिस्टरला कुणी बोट लावलं नसतं, आणि तरीही तो माझ्या नोकरीतला सगळ्यात चुकीचा कागद आहे. तिनं तक्रार केली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटतं.

म्हणून म्हणते, तास मोजा, ते मोजायलाच लागतात, एका क्रेडिटला ३० तास हा हिशोब विद्यापीठाला द्यायचाच आहे. पण तासांनी एवढंच कळतं की पोरगं तिथं होतं. शिकलं का, हे बघायला त्याचं काम बघायला लागतं, आणि काम बघायचं तर आधी आपणच ठरवायला लागतं की बघायचं काय. सगळं बघायला जाऊ नका, 'सर्वांगीण विकास' कुणालाच मोजता येत नाही. एका शिबिराला दोन गोष्टी घ्या, फार तर तीन. समजा तुम्ही 'गावातल्या माणसाशी बोलणं' एवढंच घेतलं, कारण सर्व्हे तर तुम्ही करताच. मग त्याच्या पायऱ्या लिहून काढा, आपल्या भाषेत, शिबिरात दिसतं तसं. काही पोरं फॉर्मात डोकं खुपसून प्रश्न वाचतात, समोरच्याच्या तोंडाकडं बघतसुद्धा नाहीत, ही पहिली पायरी. काही जण विचारतात पण हो-नाही मिळालं की पुढच्या घराला. त्याच्या वरची म्हणजे थांबणारी पोरं, संडास आहे का म्हटल्यावर आहे म्हणाले, मग ही पोरं विचारतात वापरता का, पाणी कुठनं आणता. आणि सगळ्यात वरची पायरी, आपण लिहिलं ते बरोबर आहे का हे परत जाऊन त्या माणसाला विचारणारी. माझ्या त्या मुलीनं वहीत जी रेघ मारली होती ना, ती चौथी पायरी. मला तेव्हा हे लिहून ठेवायचं सुचलं असतं तर 'ब' गेला नसता.

अशा चार पायऱ्यांचे तयार तक्ते पण आहेत. अमेरिकेतल्या कॉलेज-विद्यापीठांच्या संघटनेनं, एएसी अँड यू नावाची, टीमवर्क, सिव्हिक एंगेजमेंट वगैरेंचे व्हॅल्यू रुब्रिक्स म्हणून केलेत, नेटवर मिळतात, बघा जरूर, पण जसेच्या तसे उचलू नका. एक तर ते चार वर्षांच्या डिग्रीत पोरं कशी वर सरकतात हे बघायला केलेत, सुट्या पोराला मार्क द्यायला नाहीत, आणि दुसरं, त्यातली भाषा आपल्या पोरांना काय, आपल्यालाच दोनदा वाचायला लागते. तुमच्या तक्त्यात पोती, साखळी, पाळी, सर्व्हे हे शब्द आले पाहिजेत. आणि तो तक्ता शिबिराच्या पहिल्या दिवशी शाळेच्या भिंतीला लावा, पोरांना दाखवा, आपण काय बघणार आहोत हे त्यांच्यापासनं लपवून ठेवायचं काही कारण नाही. जमलं तर दोघांनी बघा, तुम्ही आणि दुसरे एक सर, वेगवेगळं टिपा आणि रात्री जुळवा. जिथं जुळत नाही तिथं बहुतेक वेळा पायरीच नीट लिहिलेली नसते.

डायरीचा मुद्दा तुम्ही काढला नाहीत पण तो येणारच. एनएसएसची कार्य दैनंदिनी असते, आणि त्यात काय असतं हे आपण दोघी जाणतो: 'आज प्रभातफेरी काढली. नंतर ग्रामस्वच्छता केली. दुपारी व्याख्यान झाले. खूप काही शिकायला मिळाले.' पन्नास डायऱ्या, एकच मजकूर, शेवटच्या रात्री एकाची बघून बाकीच्यांनी उतरवलेला. यात पोरांचा दोष नाही, आपण त्यांना प्रश्नच विचारलेला नसतो. तीन प्रश्न द्या: आज काय घडलं, एकच प्रसंग. त्यात तुला काय खटकलं किंवा नवीन काय वाटलं. उद्या तू काय वेगळं करशील. आणि लिहायला सांगू नका, व्हॉट्सअपवर दोन मिनिटांची व्हॉइस नोट पाठवायला सांगा, आपल्या घरच्या बोलीत. मी शेवटची दोन वर्षं हे केलं. जे पोरगं वहीत 'खूप काही शिकायला मिळाले' लिहायचं तेच फोनवर सांगायला लागलं, "मॅडम त्या मावशीनं मला विचारलं तुमी दरवर्षी येताय, गटार झाडताय, जाताय, मग परत कोण झाडणार? मला उत्तरच आलं नाही ओ." हा पुरावा आहे. त्यावर दुसऱ्या दिवशी सगळ्या गटानं तासभर चर्चा केली, आणि सरपंचांकडं जाऊन विचारून आले.

एक मात्र कळकळीनं सांगते. पोरं मोकळी झाली की घरचं पण बोलतात, बापाची दारू, लग्नाची घाई, काय काय. ते फाईलला लावायचं नाही, नाव झाकून पण नाही. गावात कुणाचं आहे हे ओळखायला नाव लागत नाही. फाईलला काय जाणार हे पोराला विचारूनच ठरवा, आणि मनातलं किती उघड केलं यावर मार्क देऊ नका, नाहीतर पुढच्या वर्षी पोरं रडायचं नाटक करायला शिकतील.

अजून एक गोष्ट, जी आपल्याकडं फार कमी लोक विचारात घेतात. पोरगं येताना काय घेऊन आलं होतं? कॅलिफोर्नियात, यूसीएलएला, अलेक्झांडर ॲस्टिन म्हणून होते, कॉलेजमुळं पोरांत काय बदल होतो यावर त्यांनी आयुष्य घातलं, त्यांचा सांगावा साधारण असा होता की बाहेर पडतानाचं पोरगं बघून कॉलेजची पाठ थोपटू नका, आत येताना ते कसं होतं ते आधी बघा, मग कॉलेजनं काय केलं ते बघा. आपल्याकडं युवा महोत्सवाला बक्षीस आणणारं पोरगं बहुतेक वेळा शाळेपासनंच स्टेजवर असतं. त्याचं कौतुक करा, पण ते आपल्यामुळं वाढलं म्हणून फाईलला लावू नका. आणि जी मुलगी जूनमध्ये हजेरीला 'येस मॅडम' पण खालच्या मानेनं म्हणायची ती फेब्रुवारीत ग्रामपंचायतीत उभी राहून एक प्रश्न विचारत असेल तर ती किती लांब आली ते बघा. प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच.

आणि जी पोरं शिबिरालाच येऊ शकत नाहीत त्यांचं काय? एका युनिटला १०० पोरं, शिबिराला त्यातली ५०. उरलेल्यात कोण असतं बघितलंय का कधी? पहाटे दूध संस्थेत फॅट काढायला जाणारा, रात्री पेट्रोल पंपावर असणारा, गोकुळ शिरगावला एमआयडीसीत शिफ्ट करणारा. माझ्याकडं एक होता, सीझनला घरच्या गुऱ्हाळावर असायचा. त्याला मी विचारलं काय करतोस, म्हणाला काय नाही मॅडम, घरचंच काम. मग हळूहळू सांगायला लागला, काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे गुळव्या, म्हणजे गूळ करणारा जाणकार, पाण्यात थेंब टाकून बोटांनी गोळी करून बघतो, आणि गुळव्या आजारी होता तेव्हा दोन आधणं, म्हणजे दोन काहिली भरून गूळ, यानं उतरवली, चुलवाणापाशी जाळ घालणाऱ्या त्याच्याहून मोठ्या माणसांना कधी जाळ ओढायचा ते सांगत. दोन आधणं म्हणजे केवढ्याचा माल, चुकला असता तर सगळा काळा. निर्णय घेणं, जबाबदारी, टीमवर्क, सगळं त्यात आलं, फक्त ते आमच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. अशा पोरांना को-करिक्युलरमध्ये जागा काढा. तास कसे धरायचे हे विद्यापीठाच्या चौकटीत बसवायला लागेल, तिथं समन्वयकांशी बोला, पण निदान त्या पोराला वर्गापुढं उभं करून हे दहा मिनिटं सांगायला लावा, आणि त्याच चार पायऱ्यांवर बघा. ज्या गावात कमवा आणि शिकाची परंपरा आहे, शाहू महाराजांनी बोर्डिंगं काढून खेड्यातली पोरं शिकायला आणली, तिथं राबणाऱ्या पोराला 'उपक्रमात सहभाग नाही' असा शेरा मिळावा हे मला तरी सहन होत नाही.

आता सरांचं. त्यांच्याशी भांडू नका, त्यांच्यावर पण वरनं दबाव असतो. एक पान लिहून द्या, जास्त नको. आधी ४.२ होते, नंतर ३.६ झाले, आम्ही सात पोरांशी बोललो, त्यांनी ही कारणं सांगितली, म्हणून पुढच्या वर्षी आम्ही हे दोन बदल करतोय. पाठीमागं त्या गटप्रमुखाचं म्हणणं, त्याच्या परवानगीनं, त्याच्याच शब्दांत. माझं मत विचाराल तर सगळीकडं ४.९ असलेल्या फाईलींच्या ढिगात हे एक पान बघणारा माणूस थांबून वाचेल. आणि नाही वाचलं तरी पुढच्या वर्षी शिबिर घेणाऱ्याला ते उपयोगी पडेल, ४.९ चा त्याला काय उपयोग?

त्या गटप्रमुखाला मात्र याच आठवड्यात बोलवा, परीक्षा सुरू व्हायच्या आत. त्याला वाटत असेल आपण नापास झालो. २ का दिलेस हे त्याच्या तोंडनं ऐका आणि पुढच्या शिबिराच्या आखणीला त्याला सोबत घ्या, पाळ्या कशा लावायच्या हे आता त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. काय म्हणाला ते मला कळवा. पायऱ्यांचा तक्ता तयार झाला की तो पण पाठवा, मी बघून देते. आणि सर फारच अडून बसले तर मी येऊन बोलते त्यांच्याशी, कागल काय लांब नाही.